नसीमबानो बाईंसाठी दोन मिनिटं

“लेकरू घेऊन कोणाच्या श्रद्धांजलीले उभी नोको राहत जाऊ, रागिणी.”

सासूबाईंनी हे सांगितलं तेव्हा मी हसले होते.

माझी लेक आचल तेव्हा पाच-सहा महिन्यांची होती. कॉलनीतल्या एका शोकसभेला मी तिला कडेवर घेऊन निघाले होते. सासूबाईंनी तिला माझ्या हातून अक्षरशः ओढून घेतलं.

“काहून पण, आई?”

“मोठ्या माणसाले थांबता येते. लेकराले नाही येत. आपण डोये मिटून उभे राहतो, अन् थे हिंडते. हिंडता हिंडता कोणाचाबी हात धरते.”

मी एम. ए. मराठी. वरून बी. एड. असल्या बोलण्याला उत्तर द्यायचं नसतं, नुसतं हसून सोडून द्यायचं असतं, असं मला वाटायचं.

आता मी हसत नाही.

ही गोष्ट मी रचलेली नाही. रचता आली असती तर तिचा शेवट तरी माझ्या मनासारखा केला असता. त्या दिवशी हॉलमध्ये असलेली माणसं आजही अकोल्यात आहेत. भाजी घ्यायला गेले की भेटतात. पण त्या दिवसाचा विषय काढला की त्यांना अचानक घरी जायची घाई होते.

वेळ रात्रीची नव्हती. याच वर्षीचा मे महिना. रविवार. संध्याकाळचे पाच वाजायला आले होते, पण अकोल्यातल्या मे महिन्यात पाचला संध्याकाळ म्हणत नाहीत. बाहेर अशी तपन होती की रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं.

आणि जागा... आमचं वाचनालय.

मी मूळची अमरावतीची. शाळेत आम्हाला मराठी शिकवायला नसीमबानो बाई होत्या. टाचा दुखायच्या म्हणून त्या साडीवर पांढरे कॅनव्हासचे बूट घालायच्या. त्या बुटांचा आवाज यायचा नाही. बाकावर कंपासनं नाव कोरत बसावं, आणि मान वर करावी तर बाई शेजारी उभ्या. रागवायच्या नाहीत. “नाव तरी शुद्ध लिही व,” एवढंच म्हणायच्या.

मी आज मराठीत चार ओळी लिहू शकते, त्या बाईंमुळे.

निवृत्त झाल्यावर बाई परतवाड्याला, त्यांच्या वडिलांच्या घरी राहायला गेल्या. नवरा वारलेला. मूलबाळ नाही. तिथे एकट्या राहून त्यांनी एक पुस्तक लिहिलं. मेळघाटच्या पायथ्याच्या गावांतून शाळेत येणाऱ्या मुलींच्या आठवणी. छान पुस्तक होतं. पण कोणाला माहीत नव्हतं.

आमच्या वाचनालयात महिन्यातून एकदा ‘आपल्या मातीतले लेखक’ असा कार्यक्रम होतो. आपल्याच भागातला लेखक येतो, बोलतो, लोक प्रश्न विचारतात, मग आलुपोहा आणि चहा. सूत्रसंचालन माझ्याकडे. मे महिन्यासाठी बाईंचं नाव मीच सुचवलं होतं.

त्या रविवारी घरी आचलला सांभाळायला कोणी नव्हतं. माझा नवरा अनुप हैदराबादला नोकरीला असतो. सासूबाई भाचीच्या लग्नाला धामणगावला गेलेल्या. म्हणून मी आचलला सोबत घेतलं.

साडेतीन वर्षांची पोर. तिला नुकत्याच नव्या चपला आणल्या होत्या. चालताना पीं पीं वाजणाऱ्या. तिनं त्याच घालायचा हट्ट धरला.

वाचनालयाचा हॉल वरच्या मजल्यावर आहे. खाली शहाबादी फरशी, लाल प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर संस्थापकांचा हार घातलेला फोटो. ऊन येऊ नये म्हणून सगळ्या खिडक्या बंद. कोपऱ्यात एक जुना पत्र्याचा कूलर. तो सुरू झाला की ट्रॅक्टर सुरू झाल्यासारखं वाटतं.

“या कूलरले एक डाव अध्यक्ष करा बापा,” खुशालराव म्हणाले. “माह्यापेक्षा जास्त बोलते.”

खुशालराव म्हणजे वाचनालयाचे अध्यक्ष. सत्तरीचे, गमत्या स्वभावाचे.

“तो निदान थंड हवा तरी सोडते, भाऊ,” ग्रंथपाल चंद्रभानकाका म्हणाले. सगळे हसले.

वीस-पंचवीस लोक होते. बहुतेक पेन्शनर. दामिनी नावाची कॉलेजची एक मुलगी होती, ती नेहमी यायची. आचल खुर्च्यांच्या रांगांमधून पीं पीं करत फिरत होती आणि म्हातारी माणसं तिला बिस्किटं देत होती.

बाई आल्या नव्हत्या.

परतवाड्याहून एस. टी.नं येणार होत्या. दुपारपासून फोन लागत नव्हता.

“येतीन, येतीन. गाडी अकोटच्या पुढे फसली असन,” चंद्रभानकाका म्हणाले.

पाच वाजून गेले.

आणि मग वाचनालयाच्या ग्रुपवर तो मेसेज आला.

बाईंचा फोटो. खाली फुलं. त्याखाली ‘भावपूर्ण श्रद्धांजली. ज्येष्ठ लेखिका व शिक्षिका नसीमबानो यांचे आज दुःखद निधन.’

मला काहीच समजेना. मी तो फोटो बघत राहिले. पुस्तकाच्या मागच्या पानावर असलेलाच फोटो होता तो.

“खरं आहे का हे?”

“परतवाड्याच्या ग्रुपवरून आलं हो. फोटो टाकला नं. फोटो कोणी उगाच टाकते का?”

“फोन लावा एक डाव.”

“लावूनच राहिलो. बंद येऊन राहिला.”

मी खाली बसले. रडू आवरेना. दामिनीनं पाणी आणून दिलं. आचल माझ्या गुडघ्याला धरून उभी होती. “आई, कोणी मारलं तुला?” असं विचारत होती.

खुशालरावांनी ठरवलं. श्रद्धांजली वाहायची आणि कार्यक्रम संपवायचा. बाईंसाठी आणलेला हार त्यांनी टेबलावर पुस्तकाला घातला.

मग ते माझ्याजवळ वाकले. हळू आवाजात म्हणाले, “पोरी, एक सांग. शेवटी आपण ‘ओम शांती’ म्हणतो. बाईंले थे चालन का? का त्यांच्यात दुसरं काही म्हणा लागते?”

“मला नाही माहीत, काका.”

“जहीरले विचार,” चंद्रभानकाका म्हणाले. जहीरभाई वाचनालयाचे जुने सभासद, त्या दिवशी आले नव्हते. त्यांनाही फोन लावला. उचलला नाही.

“मंग राहू द्या,” खुशालराव म्हणाले. “काही चुकीचं तोंडातून जायले नोको. दोन मिनिटं झाले का मी नुसतं ‘बसा’ म्हणतो. त्याच्यात कोणाले काय वाईट वाटन?”

मला त्या क्षणी त्यांचं कौतुकच वाटलं होतं.

सगळे उठले. खुर्च्या सरकल्या.

सासूबाईंचं बोलणं मला आठवलं का? हो... आठवलं. पण सगळे उभे असताना लेकरू घेऊन बाहेर जाणं बरं दिसलं नसतं. आणि त्या माझ्या बाई होत्या. मी आचलची बोटं घट्ट धरली आणि मान खाली घातली.

“नसीमबानो बाईंच्या आत्म्याले शांती लाभो,” खुशालराव म्हणाले.

आणि लाइट गेली.

कूलर थांबला. पंखे थांबले. इतका वेळ तो आवाज डोक्यात भरलेला होता... तो एकदम नाहीसा झाला.

शांतता झाली.

कोणी खोकलं नाही. पंचवीस माणसांत एकही खोकला नाही. कोणाचा घसा खाकरला नाही. खुर्चीचा पाय वाजला नाही.

मी मनात बाईंचा चेहरा आणायचा प्रयत्न करत होते.

मग मला वाटलं... दोन मिनिटं झाली असावीत.

कोणी ‘बसा’ म्हणालं नाही.

मी वाट पाहिली. म्हटलं, म्हातारा माणूस आहे, भावना आवरत असेल.

कोणी काही म्हणालं नाही.

मी मान वर करायला गेले.

मान वर आली नाही.

कसं सांगू... दुखत नव्हतं. कोणी दाबून धरलं नव्हतं. झोपेत हात अंगाखाली सापडतो, तो आपला असतो पण हलत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. डोळे तेवढे उघडले. दिसत होती फक्त फरशी. माझे पाय. आचलच्या गुलाबी चपला. पुढच्या रांगेतल्या माणसाच्या टाचा.

त्या टाचाही हलत नव्हत्या. एरवी उभा माणूस थोडा तरी डुलतो. या पायाचं वजन त्या पायावर घेतो.

कोणीच घेत नव्हतं.

हॉलमध्ये हवा नव्हती. घाम पाठीवरून ओघळत होता. तो पुसायलाही हात उचलत नव्हता.

“आई...” आचल म्हणाली.

तिचा आवाज त्या शांततेत एवढा मोठा वाटला.

“आई, सगळे झोपले?”

मला उत्तर देता येईना. जीभ टाळूला चिकटलेली.

“आई, ती आजी नाही झोपली.”

कोणती आजी?

“ती बघ. सगळ्यांना बघते.”

मी कान दिले. काहीच ऐकू येत नव्हतं. पाऊल नाही, चाहूल नाही. पण पुढच्या रांगेतल्या त्या टाचांच्या पलीकडून काहीतरी गेलं. उजेड मध्येच अडला, पुन्हा आला. कोणीतरी रांगेतून चाललं होतं. एकेका माणसापुढे थांबत. पुन्हा पुढे.

चेहरा शोधत असल्यासारखं.

मग ते आमच्या रांगेत वळलं.

आधी धूळ दिसली. पांढऱ्या कापडावर बसलेली, रस्त्याची धूळ. मग नाडीची गाठ.

पांढरे कॅनव्हासचे बूट.

ते माझ्या पुढ्यात येऊन थांबले. टोकं माझ्याकडे.

मी ते बूट चार वर्षं वर्गात पाहिले होते. मला चेहरा बघायची गरज नव्हती. मला एकाच वेळी पळून जावंसं आणि त्यांच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं. दोन्हीही करता आलं नाही.

बूट थोडे वळले.

आता टोकं आचलकडे होती.

माझ्या मुठीतली तिची बोटं हलली. मी मूठ आवळायचा प्रयत्न केला. जीव तोडून केला. आईच्या हाताला तेवढं तरी जमायला हवं ना...

मूठ आवळली गेली नाही. बोटं एकेक करून निसटली.

पीं.

एक पाऊल.

पीं... पीं...

गुलाबी चपला आणि पांढरे बूट, बाजूबाजूनं, माझ्या डोळ्यांसमोरून गेले. रांगेच्या टोकापर्यंत दिसले. मग दिसेनासे झाले. नुसता आवाज राहिला.

पीं... पीं... पीं...

दाराकडे.

मी आतल्या आत ओरडत होते. आचल, थांब. बाई, तिला सोडा. कोणीतरी बघा, माझं लेकरू चाललं. पंचवीस माणसं उभी होती. एकाच्याही टाचा हलल्या नाहीत.

जिन्याशी आवाज आला. पीं.

आणि मग तोही बंद झाला.

किती वेळ गेला ते मला सांगता येणार नाही. मला एवढंच माहीत आहे की माझ्या पायाखालच्या फरशीवर घामाचे थेंब पडत होते, आणि ते पडलेले वाळत होते.

मग फोन वाजला.

चंद्रभानकाकांचा, टेबलावरचा. टेबलच थरथरलं. आणि जसा धक्का बसावा तसे आम्ही सगळे एकदम हललो. कोणी खोकलं. कोणी “अरे बापा” म्हणालं. कोणी मटकन खुर्चीत बसलं.

“बाईंचा आहे!” चंद्रभानकाका ओरडले. “बाईंचाच नंबर आहे!”

मी ते ऐकत होते, पण दाराकडे धावत सुटले होते.

मागे त्यांनी फोन स्पीकरवर टाकला.

“चंद्रभानभाऊ का?” बाईंचाच आवाज. थकलेला. “माफी करा बरं. सकाळपासून ताप आहे. गोळी घेऊन पडली तर डोळाच लागला. फोनबी बंद पडला होता. लोक बसले असतीन नं ताटकळत?”

हॉलमध्ये हसू फुटलं. रडतारडता हसावं तसं.

“बाई, आयुष्य वाढलं तुमचं!” खुशालराव म्हणाले. “आमी तं तुमाले हार घालून मोकळे झालो!”

“काय म्हणता?”

“काही नाही, काही नाही. आराम करा.”

मी दारात पोचले होते. बाहेर आचल नव्हती.

आणि तेव्हा स्पीकरमधून, बाईंच्या आवाजामागून, मला ऐकू आलं.

पीं... पीं...

मी जागच्या जागी थांबले.

“एक मिनिट हं,” बाई म्हणाल्या. आवाज जरा लांब गेला, मान वळवल्यासारखा. “हे कोणाचं लेकरू आलं दारात? कोण व तू, बाळा?”

फोन कटला.

मी जिना कशी उतरले मला आठवत नाही. आचल खालच्या वळणावर होती. भिंतीकडे तोंड करून उभी. मान खाली. डोळे उघडे. आणि तिचा एक हात वर, थोडा बाजूला उचललेला. मोठ्या माणसाचं बोट धरून चालताना लेकराचा हात असतो, तसा.

त्या हातात कोणाचंच बोट नव्हतं.

मी तिला उचललं. अंग गार. त्या उन्हाळ्यात गार. खाली रस्त्यावर उन्हात आणलं तेव्हा तिनं डोळे मिचकावले आणि म्हणाली, “आजीचं घर लय लांब आहे.”

वर आलुपोहा वाटणं सुरू झालं होतं. तो फोनमधला आवाज कोणालाच आठवत नव्हता. “अव, लाइन खराब होती. तुले भास झाला असन. लेकराची काळजी, दुसरं काय,” चंद्रभानकाका म्हणाले. मेसेज कोणीतरी खात्री न करताच बाईंचा फोटो लावून फिरवला होता, असं दुसऱ्या दिवशी कळलं. ग्रुपवर माफी आली, हात जोडलेले आले, विषय संपला.

माझा संपला नाही.

चार दिवसांनी, दुपारी, मी कपडे वाळत घालत होते. घरातून आचलच्या खेळण्याचा आवाज येत होता. तो थांबला.

जाऊन बघते तर... ती खोलीच्या मधोमध उभी होती. मान खाली. एक हात बाजूला उचललेला.

हाक मारली. हलवलं. गालावर पाणी मारलं. काही नाही. बऱ्याच वेळानं आपोआप हात खाली आला, आणि ती पुन्हा खेळायला लागली.

तेव्हापासून होतंच आहे. आधी आठवड्यातून एकदा, मग एक दिवसाआड. आता रोज, दुपारी. आणि प्रत्येक वेळी आधीपेक्षा जास्त वेळ. सुरुवातीला चहा उकळेपर्यंत भानावर यायची. आता माझा सगळा स्वयंपाक होतो, तरी ती उभीच असते. मांडी घालायला लावली तर गुडघे वाकत नाहीत. आडवी केली तर ओठ निळे पडतात. मी घाबरून पुन्हा उभी करते.

अमरावतीला मोठ्या डॉक्टरांना दाखवलं. डोक्याच्या तपासण्या झाल्या. सगळं नॉर्मल. “मुलं कधी कधी अशी हरवतात, मॅडम. तुम्हीच जास्त टेन्शन घेता.”

मग एकदा भानावर आल्यावर आचलच म्हणाली, “आजी दमली.”

“कोणती आजी, सोन्या?”

“बूटवाली. तिचे पाय दुखतात. ती माझा हात सोडत नाही. तिला भीती वाटते.”

“मग तिला म्हण ना, आजी, बस.”

“म्हटलं. माझं नाही चालत. मोठ्यांनी म्हणायचं असतं.”

त्या रात्री मी झोपले नाही. हॉलमधला तो क्षण पुन्हा पुन्हा आठवत राहिले. फोन वाजला, आम्ही हललो, आम्ही बसलो. पण ‘बसा’ कोणी म्हणालं? कोणीच नाही. आम्ही एका जिवंत बाईच्या नावानं उभे राहिलो, आणि ते उभं राहणं तसंच उघडं टाकून पोहे खाल्ले.

सकाळी बाईंना फोन लावला. रिंग गेली. उचलला.

“हॅलो, बाई?”

काही नाही. श्वास नाही. पंख्याचा आवाज नाही. तीच शांतता. मी ती ओळखली.

मी म्हणायला गेले... बाई, बसा.

तोंड उघडलं. जीभ टाळूला चिकटली. तो शब्द सोडून बाकी सगळं बोलता येत होतं. तोच येत नव्हता.

खुशालरावांकडे गेले. काय म्हणायचं ते चिठ्ठीवर लिहून दिलं. त्यांनी आधी माझी थट्टा केली. मग माझा चेहरा बघून म्हणाले, “लाव बरं फोन. त्यात काय आहे? आत्ता म्हणतो.”

पुन्हा कोणीतरी उचलला. खुशालराव मोठ्यानं म्हणाले, “नमस्कार बाई! खुशालराव बोलून राहिलो. तुमी ब...”

आणि थांबले. ओठ तसेच. डोळे फोनकडे. मी मोजत नव्हते, पण त्यांच्या बायकोनं आतून दोनदा “काय झालं हो?” विचारलं.

मग त्यांनी फोन खाली ठेवला आणि म्हणाले, “घे, झालं तुह्या मनासारखं?”

“काका, तुम्ही म्हणालाच नाहीत.”

“म्हटलं नं व! चांगलं म्हटलं मी!” ते चिडले.

तेव्हा मला कळलं. जे त्या दिवशी उभे होते, त्यांना ते म्हणता येणार नाही.

सासूबाई उभ्या नव्हत्या. पण जुलैमध्ये त्या न्हाणीघरात पडल्या, मांडीचं हाड मोडलं. त्या अंथरुणावरून फोनवर म्हणायला तयार होत्या. तोपर्यंत बाईंचा फोन कायमचा बंद झाला होता.

पोळ्याला अनुप आला. त्याचा विश्वास नव्हता. पण आचलला तसं उभं पाहिल्यावर तो काही न बोलता परतवाड्याला गेला. मी आचलला सोडून जाऊ शकत नाही, आणि तिला घेऊन त्या रस्त्याला लागलं की अकोला सोडायच्या आतच तिचं अंग ताठ होतं.

रात्री तो परतला.

“भेटल्या?”

“घरी होत्या. शेजारी म्हणे, हल्ली कोणासंग बोलत नाही, पण खिडकीत दिसतात. मी खिडकीतूनच पाहिलं.” तो पाणी प्यायला. “पाठमोऱ्या उभ्या होत्या, मान खाली. मले वाटलं, नमाज चालू आहे. मंधात कशाले हाक माराव? चहा पिऊन आलो. अजून तशाच. मंग म्हटलं, राहू दे, पुन्हा येऊ.”

माझ्या हातातलं ताट तसंच राहिलं.

“अनुप... त्या वाकल्या का?”

“नाही.”

“एकदा तरी बसल्या?”

त्यानं पेला खाली ठेवला.

“नाही,” म्हणाला. “उभ्याच होत्या.”

मग आपल्याच हाताकडे बघत म्हणाला, “अन् त्यांचा एक हात... बाजूले होता. खाली. कोणा लहान पोराचा धरल्यासारखा.”

दुसऱ्या दिवशी तो हैदराबादला गेला. पुन्हा परतवाड्याचं नाव काढलं की विषय बदलतो. मागच्या फोनवर मी म्हटलं, तू फक्त एकदा जाऊन तेवढं म्हण. तो म्हणाला, “कोणाले काय म्हणू?” मी पुन्हा म्हणायला गेले... आणि पुन्हा माझ्या घशातून तो शब्द आला नाही.

म्हणून हे सगळं मी लिहिते आहे. लिहिता येतं. बोलता येत नाही.

काल आचल ऊन उतरेपर्यंत उभी होती. तिच्या पायांना सूज आली आहे.

तुमच्यापैकी कोणी परतवाड्याचं असेल, किंवा मेळघाटात जाता-येता तिथे थांबत असेल, तर माझी एक विनंती आहे. जुन्या कापड बाजारामागे एक अरुंद गल्ली आहे. हिरवं दार, दारापुढे कडुनिंब. नसीमबानो बाईंचं घर कोणीही दाखवेल. त्या वाईट नाहीत हो. माझ्या लेकराला त्यांनी मुद्दाम धरलेलं नाही. त्या एकट्या आहेत, आणि उभ्या राहून थकल्या आहेत.

दुपारी जा. दार वाजवू नका, त्या उघडणार नाहीत. खिडकीशी जा आणि मोठ्यानं म्हणा, “बाई, बसा.”

तुम्ही त्या दिवशी हॉलमध्ये नव्हतात. तुम्हाला म्हणता येईल.

मला फोन नाही केला तरी चालेल. रोज दुपारी मी इथे आचलसमोर फरशीवर बसलेली असते. तिचे गुडघे वाकले, की मला कळेल कोणीतरी गेलं होतं.